तिला कुणी विचारलं होतं का?

आमच्या घरात बाहेरून दोघी आल्या. एक मी, घोटावड्याहून, लग्न करून. दुसरी ती गाडी, मुळशी धरणाच्या कडेच्या एका बंगल्यातून, ट्रॅक्टरला बांधून. दोघींचंही मूळचं काहीतरी पुसलेलं होतं. गाडीचा रंग आणि माझं नाव. त्यातला गाडीचा रंग परत आणण्यासाठी माझ्या नवऱ्यानं काय काय केलं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि ते आठवलं की आज या वयातही माझं डोकं तापतं. सुना म्हणतात, जाऊ द्या हो आई, जुन्या गोष्टी. का म्हणून जाऊ द्यायच्या? जुन्या झाल्या म्हणून काय त्या खऱ्या राहिल्या नाहीत?

नवऱ्याला मी कधी नावानं हाक मारली नाही. तेव्हा इथेही मी त्यांना 'हे' असंच म्हणेन. माझी स्वतःची दोन नावं आहेत आणि तीही मी लिहिणार नाही. नवं लिहायची मला इच्छा नाही, आणि जुनं ज्यांना ठाऊक असायला हवं त्यांना आता ठाऊक आहे.

माझं लग्न झालं तेव्हा आणीबाणी नुकतीच उठली होती. मी मॅट्रिक झालेली, आणि त्याचा आमच्या वडिलांना भारी अभिमान. वरात भुकूमला पोचली, मी माप ओलांडलं, आणि मला देवघरापुढं पाटावर बसवलं. समोर पितळेचं ताट ठेवलं. ताटात आमच्या मुळशीचा आंबेमोहोर तांदूळ, इतका वासाचा की मी दिवसभराची उपाशी आहे हे मला तेव्हा आठवलं. ह्यांनी बोटातली अंगठी काढली आणि तिच्या कडेनं तांदळात काहीतरी लिहिलं. भोवतीच्या बायका म्हणाल्या, "वाच की गं, शिकलेली हायेस न्हवं?"

मी वाचलं. मला वाटलं, ह्यांच्या कुळातल्या एखाद्या देवीचं नाव असेल, म्हणून मी हातसुद्धा जोडले. बायका खदाखदा हसल्या. ते माझं नाव होतं. म्हणजे तेव्हापासून माझं. पेढे वाटले गेले, कुणी म्हणालं छान आहे, कुणी म्हणालं घराला शोभतं. मला कसं वाटलं हे विचारायचं कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाचा भात झाला आणि पंगतीत मलाही वाढला.

पुढे काही महिन्यांनी, जरा भीड चेपल्यावर, मी ह्यांना विचारलं की माझ्या नावात वाईट काय होतं. "वाईट काय न्हाई," हे म्हणाले, "पन मला ह्ये आवडतं. हौस असती माणसाला."

त्या काळात आमच्याकडे बायकोला नावानं हाक मारायची पद्धत नव्हती. 'अगं' म्हणायचं, नाहीतर नुसतं खाकरायचं. पण हे हौशी! स्वतः निवडलेलं नाव अंगणात उभं राहून मोठ्यानं पुकारायचे, शेजारच्या चार घरांना ऐकू जाईल असं. लोकांना त्याचं कौतुक वाटायचं. मला मात्र ती हाक दर वेळी दुसऱ्याच कुणाला मारल्यासारखी वाटायची.

माहेरी भावंडं मला ताई म्हणायची आणि आई बाय म्हणायची. नावानं हाक मारायचे ते एकटे आबा, माझे वडील. शेतातून येताना ओढ्यापासूनच हाक सुरू व्हायची. पहिल्या पंचमीला ते मला न्यायला भुकूमला आले. ओसरीवर बसून पाणी प्यायले आणि त्यांनी आत हाक मारली. मी चुलीपुढं होते. आवाज आबांचा, पण नाव भलतंच, त्यामुळे माझ्या लक्षातच आलं नाही की मला बोलावतायत. दुसरी हाक आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "अगं, तुजं वडील बोलावत्यात." मी बाहेर आले तर आबा माझ्याकडे बघत नव्हते, वहाणेचा अंगठा नीट करत बसले होते.

एसटीत मी त्यांच्याशी भांडले. "आबा, तुमीसुदिक?"

"बाय, तितल्या दारात तितलं नाव," ते म्हणाले. "रीत हाय."

रीत! मला आबांपेक्षा जास्त त्या शब्दाचा राग आला. पिरंगुट येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते. माझं नाव घेणारा तो एकच माणूस होता आणि तोही गेला होता.

अशी सहा-सात वर्षं गेली. दोन मुलं झाली. हे पिरंगुटच्या एका कारखान्यात फिटर होते, घरची भातशेती मामंजी आणि धाकटे दीर बघायचे. ह्यांना दुसरं कसलंही व्यसन नव्हतं, फक्त गाड्यांचं वेड. आणि एक दिवस कुणाकडून तरी कळलं की धरणाकडे एक अमेरिकन गाडी पडून आहे.

ती होती एका परदेशी इंजिनिअरसाहेबाची. साहेब मायदेशी गेला, गाडी मागेच राहिली. मग कुणीतरी तिला पांढरा रंग फासून पुढाऱ्यांच्या गाडीसारखी फिरवली, मग ती बंद पडली, आणि मग तिच्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. हे ट्रॅक्टर घेऊन गेले आणि तिला ओढत घेऊन आले. दोनच दारं, आठ सिलिंडर, आणि बॉनेट एवढं लांब की त्यावर आमच्या घरातली सगळी वाळवणं मावली असती. सासूबाईंनी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. मला आठवलं, माझ्यावरूनही असाच टाकला होता.

पौडला बाजाराजवळ ह्यांच्या मित्राचं गॅरेज होतं. मुसलमान कुटुंब, कैक पिढ्यांपासून पौडचं, बोलणं अगदी आमच्यासारखं. त्याला सगळे मिस्त्री म्हणत आणि त्याच्या बायकोला आम्ही भाभी म्हणायचो. मिस्त्री इंजिनाचंही करायचा आणि रंगाचंही. इंजिनाला वर्ष गेलं. ज्या दिवशी ते पहिल्यांदा सुरू झालं त्या दिवशी समोरच्या गोठ्यातल्या म्हशींनी दावी तोडली आणि मिस्त्रीला त्या हुडकायला माणसं पाठवावी लागली. इथपर्यंत माझं काही म्हणणं नव्हतं. गाडी आणा, चालवा, म्हशी पळवा. माझं डोकं फिरलं ते रंगावरून.

गाडीला रंग कुठला द्यायचा यावर आमच्या ओसरीवर जी सभा भरली तशी ग्रामपंचायतीतही भरत नसेल. मामंजी म्हणाले, "पांढराच ऱ्हाऊ द्या. पांढऱ्या गाडीला वजन असतं." सासूबाईंना कुंकवासारखा तांबडा हवा होता, देवीचा म्हणून. दिरांना काळा हवा, वर दोन पिवळे पट्टे. मिस्त्री चहा पीत म्हणाला, "ज्याची गाडी त्याचा रंग, दादा. तुमाला काय आवडतं त्ये सांगा, मी मारून देतो."

मला कुणी विचारलं नव्हतं, तरी मी आतून सांगितलं, "चिंचेच्या कोवळ्या पाल्यासारखा हिरवा ग्वाड दिसंल." सगळ्यांनी वळून आत बघितलं, जणू चूलच बोलली होती. मग दीर हसले आणि बोलणं पुढं गेलं.

ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हात वर केला. "हौशीचा रंग चालायचा न्हाई," हे म्हणाले. "कंपनीतनं भायेर पडली तवा जो रंग व्हता त्योच. जन्माचा."

हौस. तो शब्द मला बरोबर आठवत होता.

त्या दिवसापासून ह्यांचा शोध सुरू झाला. काचपेपर घेऊन हे पौडला जायचे आणि एकेक थर उतरवत बसायचे. पांढऱ्याखाली राखाडी निघाला, राखाडीखाली निळा. मिस्त्री म्हणाला, निळाच असेल. ह्यांना पटेना. जिथे ऊन पोचत नाही, पाऊस पोचत नाही आणि रंगाऱ्याचा हातही पोचत नाही अशा जागा हे हुडकू लागले. डिकीच्या रबराखाली, दाराच्या आतल्या पत्र्याच्या मागे, मीटर असतात त्या फळीच्या पाठीमागे. जेवताना तेच, झोपताना तेच. कणीक मळताना मी ऐकायचे की गाडीला आतून बघावं लागतं, वरवर बघून तिचं खरं कळत नाही.

आणि एका रविवारी हे सायकलवरून घाम गाळत आले, हातात पत्र्याचा तळहाताएवढा तुकडा. "सापडला!"

तुकडा जांभळा होता. चांगला पिकलेल्या जांभळासारखा, उन्हात धरला की आतून चमकणारा. सासूबाईंनी तोंडावर पदर घेतला. "बया! वांगं!"

तासाभरात भुकूममध्ये आमच्या गाडीचं नाव वांगी पडलं. लोक मुद्दाम घरी येऊन विचारायचे, वांगी कधी येणार म्हणून. मामंजी इतके चिडले की त्यांनी मुलाशी बोलणं टाकलं. अशा गाडीत बसून मी कुणाच्या दारात जाणार नाही, असं त्यांनी मला सांगितलं, मी ह्यांना सांगावं म्हणून. पण हे हटले नाहीत. मला खरं सांगायचं तर तो रंग मलाही आवडला नव्हता. पण ह्यांची चिकाटी बघून मला माझ्या नवऱ्याचा पहिल्यांदाच जरा अभिमान वाटायला लागला होता. तो अभिमान एक संध्याकाळ टिकला.

त्या संध्याकाळी ओसरीवर पाच-सहा जण जमले होते. मामंजींच्या बाजूचे लोक ह्यांची समजूत काढायला आले होते. मी आत भाकरी थापत होते. कुणीतरी म्हणालं, अरे, पांढरी झाली ना ती एकदा, लोकांच्या नजरेत बसलीय पांढरी, आता कशाला उकरून काढतोस? आणि ह्यांचा आवाज चढला.

"तिला कुनी इच्यारलं व्हतं का?" हे म्हणाले. "इच्यारलं व्हतं का कुनी, तुला पांढरं व्हायचं हाय का म्हणून? कुनीबी येतो आन् आपल्या हौशीचा रंग फासतो. मंग ती जन्मली तवाची ती कुनीच न्हाई का? वरनं किती फासा, आतमदी ती हाय तीच हाय. मी हुडकून काढली न्हवं?"

एवढं सुंदर बोलणं आमच्या घरात कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. आणि ते कशाबद्दल होतं? पत्र्याबद्दल! माझ्या तव्यावरची भाकरी करपून काळी झाली आणि घरभर धूर झाला.

माणसं गेल्यावर मी ह्यांना ताट वाढलं आणि म्हणाले, "अहो, मलाबी कुनी इच्यारलं न्हवतं."

"काय?"

"माजं नाव. बदलायचं का म्हणून."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग हे खरोखर मनापासून हसले. "तू काय गाडी हायेस व्हय?"

मला इतका संताप आला होता की हातातली आमटीची पळी मी कुठं मारली असती कोण जाणे. त्या प्रश्नाचं उत्तर मी पुढे कितीतरी दिवस मनातल्या मनात देत राहिले. नाही, मी गाडी नव्हते. गाडी असते तर बरं झालं असतं. गाडीचं खरं काय होतं ते कळायला ह्यांना रबरं उपसावी लागली, पत्रे उचकटावे लागले. माझ्यापुढे तोंड उघडून नुसता एक प्रश्न विचारला असता तरी भागलं असतं. गाडीला बोलता येत नाही म्हणून तिच्या वतीनं गावाशी भांडायचं, आणि जिला बोलता येतं तिच्यापुढं तांदळाचं ताट ठेवून म्हणायचं, वाच! आणि माझं म्हणणं असंही नव्हतं की मूळचं तेच सोनं. मला स्वतःला वाटलं असतं तर मी आनंदानं दुसरं नाव घेतलं असतं. जिला ते अंगावर वागवायचं तिला विचारा, एवढंच मला म्हणायचं होतं.

रंगकाम सुरू झालं तसे हे रजा काढून पौडला बसू लागले आणि बाजाराच्या दिवशी मी डबा घेऊन जाऊ लागले. गॅरेजच्या मागेच मिस्त्रीचं घर होतं. पुरुष गाडीभोवती, आणि भाभी आणि मी मागच्या दारात शेंगा फोडत. पहिल्याच दिवशी भाभींनी मला नाव विचारलं. मी सवयीनं नवं सांगितलं.

"त्ये न्हाई," भाभी म्हणाल्या. "त्ये तर दादा हाक मारत्यात त्ये मी ऐकलंय. आईबापानं ठेवलेलं इच्यारते मी."

मी सांगितलं. किती वर्षांनी ते माझ्या स्वतःच्या तोंडून आलं होतं. आवाज असा निघाला की भाभींना दुसऱ्यांदा विचारावं लागलं.

"आमच्यात न्हाई बदलत," त्या म्हणाल्या. "निकाहाच्या वक्ताला बापाच्या नावासकट माजं नाव घेतलं आन् मंग इच्यारलं, कबूल हाय का. नाव चुकलं असतं तर मी कशाला व्हय म्हनले असते?"

तिथेही बायकांना सगळं विचारूनच करतात असं काही नव्हतं. भाभींनीच हसत सांगितलं की मिस्त्रीनं हे घर बांधलं तेव्हा चूल कुठं हवी एवढंही त्यांना विचारलं नव्हतं, आणि म्हणून आजतागायत धूर त्यांच्या डोळ्यांत जातो. पण नाव तरी जागच्या जागी होतं. त्या दिवसापासून भाभी मला माझ्या नावानं हाक मारू लागल्या, अगदी साधेपणानं, जणू त्यात काही विशेष नव्हतं. मला मात्र दर खेपेला नव्यानं बरं वाटायचं.

इकडे रंग जमत नव्हता. तसला जांभळा पुण्यात तयार मिळत नव्हता, म्हणून मिस्त्री निळा आणि तांबडा घालून, चिमूटभर काळा टाकून तो बनवायचा. पत्र्याच्या तुकड्यांवर मारून ते तुकडे गॅरेजपुढच्या चिंचेला तारेनं टांगायचा. पंधरवड्यात त्या झाडाला जांभळ्या पत्र्यांचा बहर आला. हे आपला मूळचा तुकडा घेऊन प्रत्येकाशेजारी धरायचे. सकाळच्या उन्हात बघायचे, दुपारच्या बघायचे, पाणी मारून बघायचे.

"तांबडा जास्ती झाला," हे म्हणायचे.

"दादा, येवढं बारीक कुनाला दिसतंय?" मिस्त्री घायकुतीला आला होता.

"मला दिसतंय."

मी डबा हातात घेऊन तिथेच उभी असायचे. ह्या माणसाला जांभळ्यातला जास्तीचा तांबडा दिसत होता! सात-आठ वर्षं रोज ज्या बाईच्या हातचं जेवतो ती हाक मारल्यावर एक क्षण थांबते, गिळते आणि मग ओ देते, हे मात्र ह्यांना कधी दिसलं नव्हतं.

दसऱ्याला गाडी घरी आणायची ठरली. सकाळीच अंगण सारवलं, झेंडूच्या माळा केल्या. मिस्त्री आणि भाभीही गाडीतूनच आले. पौड रोडवरून तो गडगडाट येताना ऐकू आला आणि निम्मं भुकूम आमच्या अंगणात जमलं. गाडी आत आली तशी कुणाच्याही तोंडून वांगी निघालं नाही. ती देखणी दिसत होती, हे मला कबूल केलंच पाहिजे. दसऱ्याच्या उन्हात तो रंग असा उजळला होता की मामंजीसुद्धा ओसरीवरून उठून खाली आले.

हे बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले आणि लोकांना सांगू लागले. कुठल्या रबराखाली सापडला, कुठल्या फळीमागे. चिंचेवर किती तुकडे टांगले. सगळं मोठ्यानं, खड्या आवाजात. सासूबाई ओल्या कुंकवाची वाटी घेऊन बॉनेटवर स्वस्तिक काढायला पुढे झाल्या तर हे जवळजवळ ओरडलेच, "आई, नगं! रंगाला डाग पडंल!" मग स्वस्तिक समोरच्या काचेवर काढलं. माझ्या कपाळावर कुंकू लावताना ह्या घरात असं कुणी जपलेलं मला आठवत नाही.

मग औक्षणाचं ताट माझ्या हातात दिलं. तेच पितळेचं ताट. निरांजन लावलेलं, सुपारी, अक्षता. मी पुढे झाले तशा बायका ओरडल्या, "नाव घे, नाव घे!" असल्या प्रसंगी बायकोनं उखाण्यात नवऱ्याचं नाव घ्यायचं ही आमची पद्धत, आणि मी त्यात पटाईत म्हणून माझ्यामागे हमखास लागायच्या. मी उखाणा जुळवून ठेवलाही होता. पण ताट हातात आलं, त्यातल्या अक्षता दिसल्या, आणि माझ्या मनात दुसरंच आलं.

"ह्यांचं नाव मी लई येळा घेतलंय," मी म्हणाले. "आज ह्यांनी घ्यावं. माजं. जन्माचं."

अंगणात हशा पिकला. पुरुष ओरडायला लागले, "घ्या की दादा! आता का लाजता?" कुणी शिट्टी मारली. हे लाजले, पण हसत होते. बॉनेटवरचा हात तसाच होता. ह्यांनी घसा साफ केला, आणि तोंड उघडलं, आणि थांबले. मी ह्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. हे शोधत होते. माझ्या डोळ्यांदेखत हे आपल्या डोक्यात हुडकत होते, आणि मला कळलं की तिथे काही नाही.

मग ह्यांनी नाव घेतलं. माझ्या धाकट्या बहिणीचं.

आधी दोघी-तिघी हसल्या, गंमत वाटली असेल त्यांना. मग त्यांच्याही लक्षात आलं. मला लाज वाटली, आणि लाज मला का वाटावी याचा संताप आला. डोळ्यांत पाणी आलं ते संतापाचंच होतं. हे गडबडीनं म्हणाले, "म्हनजे त्येच की... तुजं..."

मागून भाभींनी माझं नाव घेतलं. ओरडून नाही, साध्या आवाजात, शेंगा फोडताना घ्यायच्या तसं. ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"व्हय, त्येच," हे म्हणाले.

"त्येच म्हनजे कंचं?" मी विचारलं.

"बास कर गं, सनासुदीचं," सासूबाई म्हणाल्या.

हातातलं ताट मी पुढे नेलं आणि गाडीच्या बॉनेटवर ठेवलं. पितळेचं ताट, नव्या रंगावर. खाली टेकताना ते जरा घासलं, तो आवाज झाला. ह्यांचा हात विजेसारखा पुढे आला, ताट उचलायला. माझ्याकडे नाही, ताटाकडे. ते बघून मी वळले आणि सरळ आत गेले.

औक्षण सासूबाईंनी केलं. नारळ फुटल्याचा आवाज आला, आपट्याची पानं वाटल्याचं ऐकू आलं. हळूहळू बोलणी पुन्हा सुरू झाली, माणसं गाडीत बसून बघू लागली. थोड्या वेळानं सासूबाई आत आल्या आणि पाहुण्यांसाठी चहाचं आधण ठेवलं. मी भिंतीला टेकून बसून होते.

अंगणातून हाक आली. नेहमीचीच, नव्या नावानं. "अगं, च्या आन!"

मी हलले नाही. दुसरी हाक आली, जरा चढ्या आवाजात. सासूबाई म्हणाल्या, "अगं, त्यो बोलावतोय."

"मला न्हाई, आत्याबाई," मी म्हणाले. "त्या नावाचं हितं कुनी न्हाई."

मला वाटलं आता त्या तोंड सोडतील. त्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाल्या, "माजंबी दुसरंच व्हतं." कोणतं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि तेव्हा मला विचारायचं सुचलं नाही, त्याची मला आजही हळहळ वाटते. त्यांनी पदरानं धरून आधण चुलीवरून खाली उतरवलं आणि झाकण ठेवून माझ्याशेजारी येऊन बसल्या.

तिसरी हाक आली नाही. हेच आले. दारात उभे राहिले, एक हात चौकटीवर. हाताला पॉलिशचं फडकं होतं, ताटाचा ओरखडा पुसत होते वाटतं. ह्यांनी चुलीकडे बघितलं, खाली उतरवलेल्या आधणाकडे बघितलं, आपल्या आईकडे बघितलं. सासूबाईंनी मान वर केली नाही. मग हे माझ्यापाशी आले, आणि खाली वाकून, अंगणातल्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, ह्यांनी माझं नाव घेतलं. माझंच.

"मोट्यानं," मी म्हणाले. "गाडीचं सांगता तसं."